'विश्वकोश' हें नांव आणि पोथ्यांच्या याद्या

जुन्या पोथ्यांच्या यादींत 'विश्वकोश' असें नांव दिसलें कीं, सर्व विषयांचा संग्रह असा त्याचा अर्थ करण्याकडे अलीकडे प्रवृत्ति आहे. ही चूक आमच्याच हातून घडली असल्यामुळें तिचा समाचार घेण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. शाळेंतून निवृत्त झाल्यावर सोलापुरांतील एका खाजगी संग्रहाची यादी आम्ही करीत होतों. एका रुमालावर 'विश्वकोश, अपूर्ण' अशी चिठी होती. रुमाल न सोडतां विषयाच्या रकान्यांत 'सर्वशास्त्रसंग्रह' असें लिहून आम्ही मोकळे झालों. पुढें पानें पाहिलीं, तों शब्द अंत्य व्यंजनाच्या क्रमानें लावलेले व एकेका शब्दाचे निरनिराळे अर्थ दिलेले! ग्रंथ महेश्वराचा 'विश्वप्रकाश' होता.

हा अनेकार्थकोश शके १०३३ (इ. स. ११११) मधील होय. टीकाकार त्यास नुसतें 'विश्व' म्हणतात. मल्लिनाथाची टीका ज्यानें वाचली त्यास 'इति विश्वः' हे शब्द परिचयाचे असतात. मेदिनीकारानें त्यांत दोष पुष्कळ असल्याचें म्हटलें, पण आधार घेण्याचें सोडलें नाहीं. तेव्हां पोथीवरील 'विश्वकोश' म्हणजे 'विश्व' नांवाचा कोश. विश्वाचा कोश नव्हे. समास कर्मधारय आहे, षष्ठीतत्पुरुष नाहीं.

बरें, 'कोश' म्हणजे शब्दसंग्रहच असेंही नाहीं. वसुबंधूचा 'अभिधर्मकोश' बौद्ध सिद्धांतांचा आहे, विद्याकराचा 'सुभाषितरत्नकोश' निवडक श्लोकांचा. उलट, सर्वविषयसंग्रह ही पदवी ज्यास खरोखर शोभेल त्या ग्रंथाच्या नांवांत कोश शब्दच नाहीं. कल्याणीच्या चालुक्यांचें राज्य या आमच्या मुलुखावरही होतें. त्या घराण्यांतील तिसऱ्या सोमेश्वराचा 'मानसोल्लास' अथवा 'अभिलषितार्थचिंतामणि' शंभर अध्यायांचा आहे. राजनीति, रत्नपरीक्षा, हत्ती, चित्रकला, पाकक्रिया, गायन, मृगया, मल्लविद्या, सारें त्यांत आहे. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेंत त्याचा पहिला भाग १९२५ सालीं निघाला. विषय नांवावरून ठरविणारा यादीकार हा ग्रंथ बहुधा वेदांतांत घालील.

डॉ. केतकरांनीं आपल्या तेवीस खंडांस (१९२०–१९२९) 'ज्ञानकोश' हें नांव दिलें, तें आम्हांस अधिक पसंत आहे; जुन्या कोणत्याही कोशाशीं त्याचा घोटाळा होत नाहीं. पुढें दाते-कर्वे यांचा 'सुलभ विश्वकोश' (१९४९–१९५१) आला, १९७६ पासून वाईचा 'मराठी विश्वकोश' येऊं लागला, आणि षष्ठीतत्पुरुष रूढ झाला. रूढीशीं आमचें भांडण नाहीं. मात्र आजची रूढि तीनशें वर्षांपूर्वींच्या चिठीस लावूं नये. या अर्थाचा युरोपीय शब्द तरी कोठें निर्दोष आहे? 'एन्किक्लिओस पैदेइआ', म्हणजे विद्यार्थ्याचें सर्वांगीण शिक्षण, या दोन ग्रीक शब्दांचा हस्तलिखितांत चुकून एक शब्द झाला, तोच पुढें 'एन्सायक्लोपीडिया' म्हणून जगभर गेला, असें कोशकार सांगतात.

आमच्या यादींतील नोंद आम्ही दुरुस्त केली आहे. परंतु दुरुस्तीपूर्वीं दोघां संग्राहकांनीं तिची नक्कल नेली होती. त्यांच्या वहींत 'सर्वशास्त्रसंग्रह' अद्याप तसाच असावा. हा लेख त्यांच्या दृष्टीस पडल्यास त्यांनीं तेवढी ओळ खोडावी.