रायपूर, नाचा आणि हबीब तन्वीर

हबीब तन्वीर यांच्या नाट्यकर्तृत्वाची चर्चा करताना समीक्षकांनी ब्रेख्तचे नाव जितक्या वेळा घेतले, तितक्या वेळा रायपूरचे घेतलेले नाही. रायपूर हे त्यांचे जन्मगाव (१९२३), एवढी नोंद चरित्रात होते आणि लेखणी लंडन, बर्लिन, दिल्लीकडे वळते. वस्तुतः त्यांच्या रंगभूमीला तिचे स्वतःचे रूप लाभले ते १९७३ साली, रायपुरात भरलेल्या नाचाच्या शिबिरात. त्यापूर्वीची जी चौदा-पंधरा वर्षे चाचपडण्यात गेली, त्यांचा विचार केल्यावाचून ह्या शिबिराचे मोल ध्यानी येत नाही.

१९५६पर्यंत रायपूर नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातले जिल्ह्याचे गाव होते. तन्वीर यांचे महाविद्यालयीन शिक्षणही नागपूरच्या मॉरिस कॉलेजात झाले. शहरापाशी नाव घेण्याजोगी धंदेवाईक नाटक मंडळी नव्हती. होत्या त्या आसमंतातील खेड्यांच्या नाचाच्या मंडळ्या. मराठी वाचकाने येथे ‘नाचा’ आणि तमाशातला ‘नाच्या’ यांची गल्लत करू नये. नाचा हा अवघा प्रयोग: रात्रभर चालणारा, गाणे, नृत्य आणि ‘गम्मत’ नावाचे प्रहसन यांनी भरलेला. स्त्रीभूमिका पुरुष करतात. त्या पात्राला ‘परी’ म्हणतात, विदूषकाला ‘जोक्कड’. ‘गम्मत’ हा शब्द मराठ्यांच्या छावण्यांतून तिकडे गेला असावा, असा तर्क मांडला गेला आहे. तो खरा ठरो वा न ठरो, नाते दूरचे वाटत नाही.

ह्या मंडळ्या कोणाच्या आश्रित नव्हत्या. गावाने बोलवावे, बिदागी ठरवावी, पहाटेपर्यंत खेळ व्हावा. पेरणी आली की नट शेतात. राजनांदगावजवळच्या रवेलीचे दाऊ मंदराजी हे मालगुजार घराण्यातले. १९२८च्या सुमारास त्यांनी मंडळी उभारली, चिकाऱ्याच्या जागी हार्मोनियम आणली, मशालींच्या जागी गॅसबत्ती लावली आणि ह्या नादात घरची मालमत्ता घालवली. कलावंताच्या स्वातंत्र्याची किंमत कोणी कशी मोजली, ह्याचे उदाहरण शोधायला मोठ्या शहरात जायचे कारण नाही.

युरोपातून परतल्यावर १९५८ साली तन्वीर रायपूरला आले असता आपल्या जुन्या शाळेच्या पटांगणावर त्यांनी रात्रभर नाचा पाहिला आणि मदनलाल, ठाकुरराम, लालूराम, भुलवाराम अशा सहा नटांना दिल्लीला नेले. शूद्रकाच्या मृच्छकटिकावरून केलेल्या ‘मिट्टी की गाडी’त ते उभे राहिले. पुढल्या वर्षी ‘नया थिएटर’ स्थापन झाले. पण आपल्या बोलीत बाजी मारणारे हे नट हिंदीच्या संवादात अडखळत. उजवी-डावीकडच्या आखीव हालचाली त्यांच्या अंगी बसेनात. ही उणीव नटांची नसून आपली आहे, हे तन्वीर यांना उमगायला सत्तरी उजाडावी लागली. आपली चूक ते पुढे मोकळेपणाने सांगत राहिले. दिग्दर्शकांच्या जातीत हा गुण विरळाच.

१९७३चे शिबिर हे ह्या उमगण्याचे फळ. नाचाच्या परंपरेतील तीन प्रहसने जुळवून, नटांनी तालमीतच उत्स्फूर्त बोलून, ‘गाँव के नाँव ससुराल, मोर नाँव दामाद’ हे नाटक उभे राहिले. भाषा छत्तीसगढी. दिग्दर्शकाने निवडले, कापले, सांधले. बोलले ते नट. १९७५चा ‘चरनदास चोर’ ह्याच वाटेने आला. कथा विजयदान देथा यांची, राजस्थानी. परंतु खोटे न बोलण्याच्या शपथेपायी जीव देणारा तो चोर मंचावर छत्तीसगढचाच होऊन बसला. १९८२ साली एडिनबरोच्या महोत्सवात ह्या नाटकाला पुरस्कार मिळाला. तिथल्या प्रेक्षकाला एक शब्द कळत नव्हता.

येथे मराठी रंगभूमीशी तुलना अपरिहार्य आहे. त्याच सुमारास, डिसेंबर १९७२मध्ये, पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ आले. तेंडुलकरांनी कोकणातल्या खेळ्यांचा घाट उचलला आणि तो शहरी नटांच्या अंगावर चढवला. कलाकृती म्हणून ‘घाशीराम’ श्रेष्ठ आहे. तरी त्यात कोकणचा खेळ्या स्वतः कोठेच नाही. मराठीने लोकरंगभूमीचा आकार घेतला, रायपूरकराने माणूस घेतला. आपल्याकडच्या समीक्षेने ‘लोकनाट्याचा वापर’ अशा शब्दप्रयोगाखाली हा भेद वर्षानुवर्षे झाकून ठेवला.

मात्र दुसरी बाजूही आहे. नटांना वेतन मिळाले, जग दिसले. पण ज्या मंडळ्यांतून ते निघाले, त्यांचे मोहरेच गेले. संस्था दिल्लीत आणि नंतर भोपाळला नांदली. रायपूरला शिबिर लाभले, घर लाभले नाही. २००० साली हे शहर राज्याची राजधानी झाले, इप्टाच्या स्थानिक शाखेने मुक्तिबोधांच्या नावाने नाट्यमहोत्सव भरवले. मराठी घरातल्या ह्या हिंदी कवीची अखेरची वर्षे राजनांदगावला गेली. पण आपल्याच मातीतल्या सर्वांत थोर नाट्यसंस्थेचे यजमानपण रायपूरला निभावता आले नाही. शिवाय नटांनी बोलून घडवलेली संहिता छापली जाते तेव्हा मुखपृष्ठावर एकच नाव उरते. गाणी रचणारे स्वर्णकुमार साहू आणि गंगाराम साखेत कितीजणांना ठाऊक आहेत?

‘चरनदास चोर’ पुणेरी प्रमाण मराठीत उतरवणे म्हणजे १९५८ची चूक दुसऱ्यांदा करणे होय. रायपूरहून राजनांदगाव ओलांडून हमरस्ता महाराष्ट्रात देवरीला येतो. तेथून गोंदिया, भंडारा, गडचिरोलीची झाडीबोली सुरू होते. तिथली दंडार आणि दिवाळीपासून होळीपर्यंत वडशाच्या मंडळ्या तिकिटावर करतात ती रात्रभराची नाटके आजही उभी आहेत. चरनदासला मराठी बोलायचीच असेल, तर ती त्या नटांच्या तोंडून; आणि अनुवादकाने लेखणी हाती घेण्याआधी एखाद-दुसरी रात्र त्यांच्या मांडवात जागवायला हवी.