पाऊल कोठे पडते? : एवे ढोलवादनाविषयीच्या लेखनातील एका गृहीताची चिकित्सा

एवे भाषेत 'वू' हा एक लहानसा शब्द आहे. त्याचा अर्थ ढोल असा होतो. ढोलाच्या साथीने होणाऱ्या नृत्यगायनालाही तोच शब्द वापरतात. आणि ज्या प्रसंगी लोक जमून हे सारे करतात तो प्रसंगही 'वू'च होय. घानाचा आग्नेय भाग, टोगोचा दक्षिण भाग आणि बेनिनचा काही प्रदेश येथे राहणाऱ्या एवे लोकांच्या या कलेवर गेल्या सहा-सात दशकांत विपुल लेखन झाले आहे. मात्र त्यातील मोठा भाग 'वू'च्या पहिल्या अर्थापाशीच थांबलेला दिसतो. ढोल तेवढा उचलून घेतला गेला. पाऊल आणि शब्द मागे राहिले. या एकांगीपणामुळे लयीच्या आकलनात नेमकी कोणती चूक घडली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. प्रस्तुत लेखकाचा या परंपरेशी परिचय ग्रंथ आणि ध्वनिमुद्रणे यांच्याद्वारेच झालेला आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

मुद्दा स्पष्ट होण्यासाठी अगबाड्झा या सर्वपरिचित नृत्याचे उदाहरण घेऊ. अत्रिक्पुई या जुन्या युद्धनृत्यातून ते घडले असे मानतात. आज अंत्यविधीपासून सणसमारंभापर्यंत सर्व वयाची माणसे ते नाचतात. कंबरेतून किंचित पुढे वाकून, कोपर आणि खांद्याची पाती पक्ष्याच्या पंखांप्रमाणे मागेपुढे हलवीत पावले टाकली जातात. वाद्यमेळ पाच वाद्यांचा असतो. गानकोग्वी ही लोखंडी दुहेरी घंटा काठीने वाजवितात. आक्सात्से म्हणजे मण्यांच्या जाळीने वेढलेला वाळका भोपळा. आणि कागानू, किडी व सोगो हे तीन ढोल. लाकडी फळ्या जोडून त्यांवर लोखंडी कड्या चढवून हे ढोल पिंपासारखे बांधतात. कागानू सर्वांत लहान व उंच स्वराचा. सोगो मोठा, आणि अगबाड्झात नेतृत्व त्याच्याकडे. किडी त्याला उत्तर देतो.

घंटेची आकृती अखेरपर्यंत चालू राहते. आवर्तनाचे बारा समान काल मानले, तर तिचे आघात १, ३, ५, ६, ८, १० आणि १२ या स्थानी येतात, म्हणजे बारांत सात. वाचकांनी हे टेबलावर बोटांनी वाजवून पाहावे; केवळ वाचून त्याची कल्पना येत नाही. नर्तकांची पावले मात्र १, ४, ७ आणि १० या स्थानी पडतात : चार समान पावले, प्रत्येकाच्या वाट्याला तीन काल. त्यांपैकी १ आणि १० या दोनच ठिकाणी घंटेचा आघात पावलाला भेटतो. चौथ्या व सातव्या कालावर घंटा गप्प असते. कागानू तर पावलावर कधीच वाजत नाही. प्रत्येक पावलानंतरच्या दोन कालांवर, म्हणजे २-३, ५-६, ८-९ आणि ११-१२ येथे, त्याचे दोन-दोन आघात येतात. आक्सात्सेचे मधले हलके आघात चौथ्या व सातव्या कालावर पडतात, हे खरे. परंतु ते घंटेच्या आघातांमधील भरण म्हणून ऐकू येतात, ठोका म्हणून नव्हे. तात्पर्य, ज्या ठोक्यावर सर्वांचे लक्ष असते तो ठोका म्हणून कोणतेच वाद्य ठळकपणे वाजवीत नाही. तो नाचणाऱ्यांच्या पायांत असतो.

आता ए. एम. जोन्स यांच्याकडे वळू. आजच्या झांबियात दीर्घकाळ काम केलेल्या या इंग्रज मिशनऱ्यांनी १९५९ मध्ये 'स्टडीज इन आफ्रिकन म्युझिक' हा द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा दुसरा खंड संपूर्णपणे स्वरलिपीचा असून अगबाड्झासह अनेक एवे नृत्ये त्यात समग्र लिहून काढलेली आहेत. डेस्मंड टे हे कसबी एवे वादक जोन्स यांना लंडनमध्ये भेटले, आणि बराचसा अभ्यास तेथेच झाला. ठोका दिला की सरकत्या कागदावर खूण उमटेल, असे एक यंत्र जोन्स यांनी सिद्ध केले होते, आणि त्यावर दोन-दोन वाद्यांच्या आकृती एकमेकींशी ताडून पाहिल्या जात. आफ्रिकी वादनाविषयी मोघम आणि बहुधा तुच्छतेने लिहिण्याची रूढी असताना एका विद्वानाने प्रत्येक आघात मोजून मांडावा, ही सामान्य गोष्ट नव्हे. गाणीही त्यांनी शब्दांसह लिहून घेतली. त्यांच्यावर पुढे झालेली टीका वाचताना हे श्रेय विसरले जाते, ते योग्य नाही.

तथापि यंत्रासमोर रिंगण नव्हते. जोन्स यांनी प्रत्येक वाद्याच्या आकृतीचा आरंभ जेथे होतो तेथे त्या वाद्याची मात्रारेषा ओढली. परिणामी पानावर एकाखाली एक लिहिलेल्या वाद्यांच्या रेषा कोठेच जुळत नाहीत. प्रत्येक वादक जणू आपापल्या स्वतंत्र छंदात वाजवीत आहे असे चित्र उभे राहते. कागानूचे जोड-आघात पावलाशिवाय ऐकणाऱ्याला त्यांतला पहिला आघात हाच ठोका वाटणे अगदी स्वाभाविक आहे. वस्तुतः तो ठोक्याच्या पाठोपाठ आलेला असतो. अशा पाच वाद्यांचे पाच भ्रामक आरंभ एकत्र केले की 'एकाच वेळी अनेक छंद' हा सिद्धान्त तयार होतो, आणि पुढे तोच आफ्रिकी संगीताचे व्यवच्छेदक लक्षण म्हणून पाठ्यपुस्तकांत स्थिरावतो.

येथे ध्वनिमुद्रणाच्या साधनाचाही विचार केला पाहिजे. अन्लो एवेंचा प्रदेश म्हणजे अटलांटिक महासागर आणि केटा सरोवर यांमधील वाळूचा पट्टा. वाळूत अनवाणी पडलेले पाऊल फितीवर उमटत नाही. नुसती ध्वनिफीत ऐकून परीक्षण करणाऱ्यास त्यामुळे जोन्स यांचीच चूक पुन्हा करण्याचा धोका असतो.

जॉन मिलर चेर्नॉफ यांनी घानात प्रत्यक्ष शिष्यत्व पत्करून १९७९ मध्ये लिहिलेला ग्रंथ या दृष्टीने निराळा आहे. वादक जागा मोकळी ठेवतो आणि ती भरण्याचे काम नाचणारा किंवा ऐकणारा करतो, ही जाणीव त्यात आहे. परंतु चेर्नॉफ यांचा ओढा लयीतून समाजाच्या नीतिमत्तेकडे जाण्याचा आहे. त्यामुळे ढोलकऱ्यांच्या गुंफणीतून सबंध आफ्रिकेचा स्वभाव वाचण्याचा मोह त्यांना आवरत नाही. याला ठाम उत्तर दिले ते कोफी अगावू यांनी. स्वतः एवे भाषक असलेल्या या संगीतशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये उत्तर एवे प्रदेशावरचा ग्रंथ आणि २००३ मध्ये 'रिप्रेझेंटिंग आफ्रिकन म्युझिक' हा वादग्रंथ लिहिला. एवे भाषेत 'लय' या संकल्पनेला एकच एक प्रतिशब्द नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधले. अनेक छंदांचा सिद्धान्त नर्तकांच्या पावलांपुढे टिकत नाही, हेही स्पष्टपणे मांडले. पहिल्या ग्रंथाचा आरंभ ते ढोलाने करीत नाहीत. गावातल्या एका दिवसाच्या पहाटेपासूनच्या ध्वनींनी करतात. ही मांडणी हाच त्यांचा युक्तिवाद आहे.

अगावू यांचे एक मत मात्र मान्य करणे कठीण जाते. आफ्रिकी संगीतासाठी खास लिपी योजणे म्हणजे त्याचे वेगळेपण फुगवून दाखविणे होय, म्हणून प्रचलित पाश्चात्त्य स्वरलिपीच वापरावी, असा त्यांचा आग्रह आहे. त्यामागील राजकीय भान समजू शकते. पण त्या लिपीत मात्रारेषेनंतरचा पहिला आघात बलवान आरंभ म्हणून वाचण्याची सवय वाचकाला असते. घंटेचा पहिला काल एवे वादकांना बहुधा आरंभ म्हणून जाणवत नाही, तर आकृती जेथे येऊन पोहोचते ते स्थान म्हणून जाणवतो. हिंदुस्थानी तालाशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला येथे समेची आठवण झाल्यावाचून राहणार नाही, आणि ती पूर्णतः गैरलागू नाही. परंतु साम्य तेथेच संपते. आपल्याकडे ठेका तबल्यावर वाजतो आणि टाळी-खालीने ताल हातावर दाखविता येतो; गायक समेवर येतो तेव्हा श्रोते दाद देतात. अगबाड्झात दाद देणारा श्रोता बाजूला बसून नसतो. घंटेला 'ताल' म्हणून मोकळे होणे हा जोन्स यांच्याच चुकीचा देशी अवतार ठरेल.

शब्दांविषयी थोडक्यात. एवे ही स्वरभेदाने अर्थ बदलणारी भाषा आहे. ढोलाच्या उंच-नीच आघातांना त्यामुळे वाक्यांचा आकार देता येतो, आणि नेतृत्व करणारा ढोल नर्तकांना शब्दशः काही सांगू शकतो. अगबेकोर या युद्धनृत्यात उभ्या आधारावर तिरपा टेकवलेला अत्सिमेवू हा सुमारे साडेचार फुटांचा ढोल हेच काम करतो. गीतांचे सामर्थ्य किती, हे 'हालो'वरून कळते. दोन वस्त्यांनी ढोलांच्या साथीने एकमेकींची उणीदुणी गाण्यांतून काढण्याची ही प्रथा इतकी विकोपाला जाई की १९६०च्या सुमारास घानाच्या शासनाने तिच्यावर बंदी घातली. बंदीचे कारण घंटेची आकृती नव्हते! कोफी अवूनर यांनी विनोको अक्पालू, कोमी एक्पे आणि अमेगा दुन्यो या अन्लो कवींवर १९७४ मध्ये पुस्तक लिहिले, तेव्हा ही गाणी साहित्य म्हणून वाचली जाऊ लागली. पण साहित्याच्या अभ्यासकांनी अक्पालू घेतला आणि संगीताच्या अभ्यासकांनी घंटा; एकाच रिंगणाचे दोन विभाग झाले.

या वाटणीचे परिणाम ग्रंथांपुरते राहिले नाहीत. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यांनी जोन्स यांचा ग्रंथ आधी वाचलेला होता. १९७० मध्ये ते घानात एवे वादक गिडियन अलोरवोये यांच्याकडे काही आठवडे शिकले, आणि १९७१ मध्ये त्यांची 'ड्रमिंग' ही एकाच लयाकृतीवर उभारलेली रचना पूर्ण झाली. ती श्रेष्ठ रचना आहे, आणि आपण एवे संगीत लिहीत आहोत असा त्यांचा दावाही नाही. पण तिच्यातून परत एवेंकडे पाहणाऱ्याला पुन्हा आकृतीच दिसते, आणि अमेरिकेतील विद्यापीठांच्या एवे वादनवर्गांत येणारे कित्येक विद्यार्थी हीच अपेक्षा घेऊन येतात. त्यांना आधी नाचायला लावणारे शिक्षक, माझ्या मते, योग्य तेच करतात.

घानातही प्रश्न सोपा राहिलेला नाही. १९६२ मध्ये घाना विद्यापीठात क्वाबेना न्केतिया आणि मावेरे ओपोकू यांच्या पुढाकाराने घाना डान्स एन्सेंबल स्थापन झाले, आणि देशातील अनेक जमातींची नृत्ये रंगमंचावर आली. नव्या राष्ट्राला त्याची गरज होती. रंगमंचावर मात्र रिंगणाला एक दर्शनी बाजू येते, तासन् तास चालणारे नृत्य काही मिनिटांत आटोपते, आणि नृत्यदिग्दर्शक आवर्तने मोजून ठरवितो. त्याच वर्षी अन्लोगा येथे होगबेत्सोत्सो हा उत्सव सुरू झाला. टोगोतील नोत्सिए नगरीतून अगोकोली या क्रूर राजाच्या तावडीतून पूर्वज निसटले, त्या स्थलांतराचा हा उत्सव. कथा अशी की ढोलांच्या आवाजाआड नगराची भिंत फोडली गेली आणि पावलांचे ठसे आतल्या दिशेने दिसावेत म्हणून लोक उलटे चालत बाहेर पडले. दरवर्षी नोव्हेंबरमध्ये होणाऱ्या या उत्सवातही आता सरकारी पाहुण्यांचे मंडप, भाषणे आणि छायाचित्रकार आहेत; तेव्हा रंगमंच कृत्रिम आणि उत्सव अस्सल अशी विभागणी करता येणार नाही. फरक एवढाच, की अन्लोगाला पाहणाऱ्याला उठून रिंगणात जाता येते आणि त्याचे पाऊल चुकले तर शेजारच्या बाईच्या ते लगेच लक्षात येते.