‘घुसखोर’ आणि सहिष्णुता : ज्याँ-ल्यूक नान्सी यांच्या ‘लँत्र्यू’चा एक चिकित्सक विचार

फ्रेंच तत्त्वचिंतक ज्याँ-ल्यूक नान्सी (१९४०-२०२१) यांचे ‘लँत्र्यू’ हे छोटेखानी पुस्तक २००० साली प्रसिद्ध झाले. १९९० च्या दशकाच्या आरंभी त्यांच्यावर हृदयप्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली होती. पुढे त्यांना कर्करोगालाही तोंड द्यावे लागले. या अनुभवाचे चिंतन म्हणजे हे पुस्तक होय. ‘अस्मिता’ आणि ‘परकेपण’ यांवरील चर्चासत्रांत प्रस्तुत लेखकाने ऐकलेल्या काही निबंधांत या पुस्तकाचा आधार मोठ्या विश्वासाने घेतलेला होता. मात्र त्यामागील शरीरविषयक गृहीतके तपासण्याची गरज कोणास वाटलेली दिसली नाही. येथे तीच तपासावयाची आहेत.

शीर्षकाचा अनुवाद ‘घुसखोर’ असाच करावा लागेल. ‘आगंतुक’ उंबरठ्यावर थांबतो, ‘उपरा’ आत असूनही कडेला राहतो. ‘घुसखोर’ या शब्दात मात्र सरहद्द आणि तिचे उल्लंघन दोन्ही येतात. नान्सी यांना हेच अभिप्रेत आहे. पुस्तकाचा आरंभ शस्त्रक्रियेने होत नाही, परक्याच्या आगमनाने होतो. परक्याला रीतसर सामावून घेतले की तो परका उरत नाही. परका राहावयाचा तर त्याच्या येण्यात घुसखोरीचा अंश राहिलाच पाहिजे, अशी त्यांची मांडणी आहे. यानंतर ते शरीराकडे वळतात. नवे हृदय परके म्हणून शरीर त्यावर हल्ला करते. तो थोपविण्यासाठी प्रतिकारशक्ती औषधांनी खाली आणावी लागते आणि त्यामुळे रुग्ण स्वतःलाच परका होतो. हे दुहेरी परकेपण नान्सी यांनी विलक्षण संयमाने टिपले आहे. हा या पुस्तकाचा सर्वांत समर्थ भाग होय, याविषयी दुमत होऊ नये.

अडचण पुढे आहे. प्रतिकारशक्ती दडपणे आणि सहिष्णुता निर्माण होणे या दोन भिन्न गोष्टी नान्सी एकच मानतात. १९४५ साली रे ओवेन यांनी दाखवून दिले की, गर्भावस्थेत रक्ताभिसरण जोडले गेलेल्या जुळ्या वासरांच्या अंगात एकमेकांच्या रक्तपेशी मोठेपणीही नांदत असतात. १९५३ साली बिलिंगहॅम, ब्रेंट व मेडावार यांनी एका वाणाच्या उंदरांच्या गर्भात दुसऱ्या वाणाच्या पेशी सोडल्या. ते उंदीर मोठे झाल्यावर त्यांनी त्या दुसऱ्या वाणाची त्वचा स्वीकारली. तिसऱ्या वाणाची मात्र नाकारली. म्हणजे त्यांची प्रतिकारशक्ती शाबूत होती. याहून महत्त्वाचा भाग असा की, त्या दुसऱ्या वाणाविरुद्ध संवेदित झालेल्या उंदरांच्या लसिका ग्रंथींतील पेशी या सहिष्णू उंदरांत सोडताच, टिकून राहिलेली ती त्वचा नष्ट झाली. याचा अर्थ उघड आहे : त्वचेचे परकेपण कधीच लोपलेले नव्हते. ती आपलीशी झाली नव्हती, आणि घुसखोरही ठरली नव्हती.

नान्सी यांच्या मांडणीत या तिसऱ्या शक्यतेला जागाच नाही. एकतर परका घुसतो, नाहीतर विरघळतो. (आपल्याकडे रायवळ आंब्याच्या खुंटावर हापूसची काडी बांधतात, तेव्हा जोडाच्या खाली रायवळ रायवळच राहतो आणि वर हापूस हापूसच. वनस्पतीला आपल्यासारखी प्रतिकारयंत्रणा नाही, त्यामुळे हे साम्य ताणू नये. पण ‘कलम’ हा शब्द हाताशी असलेल्या मराठी अभ्यासकाला ही शक्यता सुचावयास हरकत नव्हती.)

नान्सी यांच्या बाजूने एक गोष्ट सांगणे न्याय्य ठरेल. त्यांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी वैद्यकाच्या हाती दडपणाची औषधेच होती. २००८ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील वैद्यांनी मूत्रपिंडासोबत त्याच दात्याची अस्थिमज्जा देऊन पाच रुग्णांवर केलेल्या उपचारांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांपैकी चौघांची औषधे तोवर थांबविता आली होती. हृदयाच्या बाबतीत औषधे आजही सामान्यतः जन्मभर घ्यावी लागतात. त्यामुळे रुग्ण म्हणून नान्सी यांनी दिलेली साक्ष खरीच आहे. प्रश्न आहे तो त्या साक्षीवरून ‘परका’ या संकल्पनेचा सिद्धान्त उभारण्याचा. एका औषधोपचाराची मर्यादा ही परकेपणाची व्याख्या कशी ठरेल?

शिवाय नान्सी प्रतिकारयंत्रणेला शरीराच्या स्वाक्षरीची उपमा देतात, तीही तपासून पाहावी लागेल. स्वाक्षरी एकदाच ठरते. परंतु शिमोन साकागुची यांनी १९९५ साली अशा पेशी दाखवून दिल्या, ज्या स्वतःच्याच शरीरावरील हल्ला सतत आवरून धरतात. या संशोधनाबद्दल त्यांना मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांच्यासमवेत २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. स्वतःला सहन करण्यासाठीदेखील शरीराला अखंड राबावे लागते, ही बाब नान्सी यांच्या उपमेत बसत नाही. गंमत अशी की, ती त्यांच्या वर्णनात मात्र डोकावते. कर्करोगावरील उपचारांत त्यांच्याच पेशी काढून, गोठवून, पुन्हा त्यांच्याच अंगात सोडण्यात आल्या, तो प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचावयास हवा. तेथे दाताही तेच आणि यजमानही तेच आहेत. बाहेरून आत येणारे कोणी नाही, आणि तरीही नान्सी तेथे घुसखोरीचीच भाषा वापरतात.