चिलापीची खडाखडी

खासबागेत दोन मल्ल समोरासमोर आले की लगेच भिडत नाहीत. शड्डू ठोकतात, सलामी देतात, खडाखडीत एकमेकांचा जोर अजमावतात. रंकाळ्यासारख्या तळ्यातली चिलापीही असेच करते. हा मासा मूळचा आफ्रिकेतला. भारतात तो १९५२ साली आणला गेला. विणीच्या काळात नर काळा पडतो, तळाशी बशीसारखा खळगा करतो आणि तो राखतो. दुसरा नर आला की पर फुलवणे, शेपटीचे फटकारे, मग तोंडात तोंड घालून ढकलाढकली. बहुतेकदा एकजण रंग उतरवून निघून जातो; कोणी मरत नाही.

असे का? कॉनराड लॉरेन्झ यांनी १९६३ सालच्या आपल्या ग्रंथात उत्तर दिले की, हा संयम जातीच्या हितासाठी आहे. त्यांची नजर पारखी होती, आणि माशांची वर्णने आजही वाचावीत अशी आहेत. पण हे उत्तर आम्हांला मान्य नाही. वर्गांतून ते अजून सांगितले जाते, म्हणून हा लेखनप्रपंच. समजा, सगळे नर जातीसाठी संयम पाळताहेत. त्यांत एखादा नियम मोडणारा निपजला, तर खळगे तोच बळकावील आणि पिल्लेही त्याचीच जास्त होतील. काही पिढ्यांत त्याचाच वंश माजेल. तेव्हा संयमाचा फायदा खुद्द त्या नरालाच व्हायला हवा. तो कसा होतो, हे जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस यांनी १९७३ साली गणिताने दाखवले. भांडखोर वाढले की भांडखोराची गाठ भांडखोराशीच पडू लागते आणि जखमेची किंमत मिळकतीहून जड होते. (लॉरेन्झ यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेही त्याच वर्षी!)

मग नुसती बतावणी करून का भागत नाही? कारण ढकलाढकलीत जोराचे सोंग आणता येत नाही. त्याहून मौज मूत्राची. याच जातीचे वरचढ नर मूत्र साठवून ठेवतात, प्रतिस्पर्ध्यासमोर ते सोडतात आणि त्याच्या वासावरून त्यांचा दर्जा कळतो, असे पोर्तुगालमधील संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केले. लॉरेन्झ यांचा भर रंगांवर होता. ही भाषा डोळ्यांना दिसणारी नव्हती.

काही शिक्षक टाकीला आरसा लावून झुंज दाखवतात. आरशातला नर माघार कधीच घेत नाही, त्यामुळे निकालही लागत नाही आणि खरा मासा उगाच दमतो. चार-पाच मिनिटांत आरसा काढून घ्यावा.