भुताआधी माणूस

चित्रपटाची कल्पना निर्मात्यापुढे मांडताना तिचा गाभा एक-दोन वाक्यांत सांगावा लागतो. या वाक्याला चित्रपट-व्यवसायात 'लॉगलाइन' म्हणतात. साधारण २५ ते ३५ शब्दांत नायक कोण, त्याच्यावर काय ओढवले, त्याला काय साधायचे आहे आणि ते न साधल्यास काय गमवावे लागेल, एवढे यावे अशी अपेक्षा असते. आपल्या समीक्षेने या वाक्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. ते बाजाराचे काम, साहित्याचे नव्हे, अशी आपली समजूत. परंतु कथेचा कस पाहण्याचे इतके निर्दय साधन दुसरे क्वचितच असेल, आणि भयकथेच्या बाबतीत तर ते अधिकच खरे आहे.

मध्यंतरी काही होतकरू मुलांनी भयपटांच्या आपापल्या कल्पना माझ्याकडे वाचायला दिल्या. बहुतेकांची सुरुवात भुतापासून होती. 'एका पडक्या वाड्यात राहायला गेलेल्या मित्रांना भयानक अनुभव येतात.' या वाक्यात वाडा आहे, मित्र आहेत, अनुभवही आहेत. नाही ती फक्त गोष्ट. वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, तो असा : हे लोक उठून निघून का जात नाहीत? ज्या वाक्याला याचे उत्तर देता येत नाही, त्यावर उभारलेली दोन तासांची पटकथाही ते देऊ शकत नाही. मग पार्श्वसंगीत वाढवावे लागते, दारे करकरवावी लागतात.

१९७५ सालचा 'जॉज' पाहा. 'समुद्रात माणसे खाणारा शार्क आहे' ही त्याची लॉगलाइन नव्हे. पाण्याला भिणाऱ्या पोलीस-प्रमुखाला शार्कपासून लोकांना वाचवण्यासाठी किनारा बंद करायचा आहे, आणि ऐन हंगामात गावाचा धंदा बुडेल म्हणून नगराध्यक्ष तो बंद करू देत नाही; शेवटी त्यालाच समुद्रात उतरावे लागते. शार्क तोच, पण आता तो एका विशिष्ट माणसाच्या वर्मावर येऊन बसला आहे. भय संकटात नसते. ते संकट कोणाच्या वाट्याला आले यात असते.

आपल्याकडे विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'त ही जाण दिसते. गरोदर स्त्रीला नवरा उसाच्या फडातल्या एकाकी घरात आणतो. तिथे ज्यांच्या सावल्या तिला दिसतात त्यांचा संबंध तिच्या पोटातल्या जिवाशी आहे. स्त्रीभ्रूणहत्येचा विषय इथे चिकटवलेला नाही. नायिका गरोदर नसती तर चित्रपटच उरला नसता. याच दिग्दर्शकाने २०२१ साली 'छोरी' या नावाने ही कथा हिंदीत नेली, तेव्हा पात्रे आणि प्रदेश बदलले, पण हे मध्यवर्ती वाक्य तसेच राहिले.

तरीही माझ्या मते या विषयाचा सर्वांत चांगला धडा २०१६ सालच्या 'अंडर द शॅडो' या फारसी चित्रपटात आहे. दिग्दर्शक बाबक अन्वरी. जिन्नच्या गोष्टी आपल्यापैकी अनेकांनी नानी-दादीच्या तोंडून ऐकल्या आहेत, त्यामुळे 'एका घरात जिन्न शिरतो' एवढे सांगून आपण मोकळे होऊ. पण या चित्रपटाचे वाक्य असे होईल : '१९८० च्या दशकात, इराकी क्षेपणास्त्रांचा मारा सोसणाऱ्या तेहरानमध्ये, नवरा आघाडीवर गेलेल्या एका आईला मुलीला घेऊन शहर सोडायचे आहे, पण मुलीची बाहुली जिन्नने पळवली आहे आणि बाहुलीवाचून मुलगी उंबरठा ओलांडायला तयार नाही.'

'का जात नाहीत' या प्रश्नाचे उत्तर इथे एका बाहुलीने दिले आहे. शिवाय ही आई कोण? राजकीय चळवळीत भाग घेतल्यामुळे जिला वैद्यकीय शिक्षण पुरे करण्याची परवानगी नाकारली गेली, ती शिदेह. आपण चांगली आई तरी आहोत ना, ही तिची उरलेली एकच ठेव, आणि जिन्न नेमका तिथेच हात घालतो. ती मध्यरात्री मुलीला उचलून तशीच बाहेर पळते, तेव्हा डोके झाकलेले नाही म्हणून पहारेकरी तिला पकडून ठाण्यावर नेतात. घरात जिन्न, आकाशात क्षेपणास्त्र आणि रस्त्यावर कायदा. लॉगलाइनमध्ये हे सगळे मावत नाही, मावूही नये. परंतु वाक्य बरोबर असल्यामुळे या प्रत्येक प्रसंगाला त्यात आधीच जागा आहे.

यावर एक आक्षेप येईल. सगळे आधीच सांगितले तर रहस्य कसे टिकणार? कमाल अमरोही यांचा १९४९ सालचा 'महल' याचे उत्तर देतो. त्यातली स्त्री कोण, हे वाक्यात सांगण्याची गरज नाही. पण जुन्या हवेलीत स्वतःसारखाच चेहरा असलेली तसबीर पाहणारा माणूस, मागच्या जन्मीची प्रेयसी म्हणवणाऱ्या स्त्रीपायी जिवंत संसाराकडे पाठ फिरवतो, हे सांगावेच लागेल. रहस्य झाकावे, पेच झाकू नये.

आता मुळात ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते. त्या मुलांच्या कागदांत एक वाक्य होते : 'मोहल्ल्यात एकटी राहणारी बुरख्यातली म्हातारी रात्री दारामागे कुणाशी तरी बोलते आणि मुले गायब होऊ लागतात.' लिहिणारा आपल्याच वस्तीतला मुलगा. मी त्याला विचारले, 'बेटा, हिने केले काय?' तो गप्प झाला. तिने काहीच केले नव्हते. बुरखा, म्हातारपण आणि एकटेपणा एवढ्या भांडवलावर ती भीतीदायक ठरली होती. पडद्यावर हे दोन तासांत खपून जाते, कारण प्रकाश आणि आवाज मदतीला येतात. ३० शब्दांत मात्र लपायला जागा नसते. आपण प्रेक्षकाला कोणाची भीती घाला म्हणून सांगतो आहोत, हे तिथे उघडे पडते. आणि ही नजर बाहेरूनच येते असे नाही. पाहता पाहता ती आपलीही होते.

मी त्याला एवढेच म्हटले, 'तिच्या बाजूने दाराकडे बघ.' आठवड्याने तो नवे वाक्य घेऊन आला : 'पाडायला काढलेल्या चाळीतली शेवटची खोली एक म्हातारी सोडत नाही, कारण वीस वर्षांपूर्वी हरवलेला मुलगा याच पत्त्यावर परत येईल. एका रात्री दारावर थाप पडते. हाक मुलाच्या आवाजात आहे, पण आवाज अजून आठ वर्षांच्या मुलाचाच आहे.'

बुरखा वाक्यातून गेला होता. तो गाळ असे मी सांगितले नव्हते. म्हातारी तीच, दार तेच, रात्रही तीच. फरक इतकाच की पहिले वाक्य वाचून मला तिची भीती वाटली होती. दुसरे वाचताना तिच्यासाठी वाटली.