गैरहजर कोण? चार आकड्यांची उलटतपासणी

शालेय शिक्षणावर संशोधन करायचं ठरवलेल्यांच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: ‘भारतातील सरकारी प्राथमिक शाळांत कोणत्याही दिवशी २५ टक्के शिक्षक गैरहजर असतात.’ आणि शिक्षकांची बाजू मांडणाऱ्या लेखांत, निवेदनांत दुसरं वाक्य तितकंच हमखास: ‘शिक्षकांचा फक्त १९ टक्के वेळ शिकवण्यात जातो.’ दोन्ही वाक्यांमागे खरे अभ्यास आहेत, कोणी हवेतून काढलेली नाहीत. पण ज्या कामासाठी ती वापरली जातात, ते काम त्यांच्याकडून होत नाही. का होत नाही, ते आज सविस्तर बघू. नेट-सेट झालं, पेट झाली, आता प्रस्ताव लिहायचा आहे, अशा टप्प्यावर जे आहेत त्यांना याचा थेट उपयोग होईल.

पहिला आकडा: २५

मायकेल क्रेमर, कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ‘टीचर ॲबसेन्स इन इंडिया: अ स्नॅपशॉट’ हा पेपर २००५ मध्ये आला. पद्धत साधी आणि भक्कम होती. सर्वेक्षक न सांगता शाळेत जायचे आणि शिक्षकांच्या यादीतला प्रत्येक जण शाळेच्या आवारात दिसतो का, हे बघायचे. एकाच भेटीवर विसंबायचं नाही म्हणून पुन्हा पुन्हा जायचे. निष्कर्ष असा की देशभरात २५ टक्के शिक्षक शाळेत नव्हते, आणि प्रत्यक्ष शिकवताना दिसले ते साधारण निम्मेच. झारखंडमध्ये गैरहजेरी सुमारे ४२ टक्के होती, तर महाराष्ट्रात १४.६ टक्के, म्हणजे अभ्यासातल्या राज्यांत सर्वांत कमी.

हजेरीपटावरच्या सह्यांवर विश्वास न ठेवता डोळ्यांनी बघून मोजणं, हे या अभ्यासाचं मोठं बळ आहे. त्याला कमी लेखू नका. पण ‘गैरहजर’ या शब्दाची व्याख्या इथे काय आहे? भेटीच्या वेळी शाळेत नसलेला तो गैरहजर. आजारी असेल, किरकोळ रजेवर असेल, तालुक्याला प्रशिक्षणाला गेला असेल, मतदार याद्यांचं काम करत असेल किंवा सरळ घरी झोपला असेल, मुख्य आकड्यात सगळे एकत्रच. कारणांची चर्चा पेपरात आहे, पण आपल्यापर्यंत पोचतो तो कारणांआधीचा आकडा.

आणखी एक गंमत बघा. याच पेपरात असंही दिसतं की शाळेच्या सोयीसुविधा बऱ्या असतील, पक्का रस्ता जवळ असेल आणि नुकतीच तपासणी झाली असेल, तर गैरहजेरी कमी असते. कमी पगाराचे कंत्राटी शिक्षक नियमित शिक्षकांपेक्षा जास्त हजर असतात, असंही त्यात आढळलं नाही. म्हणजे शिक्षकांच्या कामाच्या परिस्थितीबद्दल हा पेपर बरंच काही सांगतो. पण धोरणाच्या चर्चेत त्यातलं एकच उचललं गेलं: तपासणी वाढवा.

दुसरा आकडा: २.५

२०१७ मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनने आपला अभ्यास प्रसिद्ध केला. ६ राज्यं, ६१९ शाळा, २,८६१ शिक्षक. शाळेत नसलेले शिक्षक निघाले १८.५ टक्के. पण त्यांनी पुढे कारणानुसार वाटणी केली. रजा आणि शासकीय काम वजा केल्यावर विनाकारण गैरहजर उरले २.५ टक्के.

मग खरं काय, २५ की २.५? हा प्रश्नच चुकीचा आहे. दोन्ही अभ्यास वेगवेगळे प्रश्न विचारतात. पहिला विचारतो, ‘मुलांसमोर शिक्षक आहे का?’ दुसरा विचारतो, ‘नसेल तर त्यात शिक्षकाचा दोष आहे का?’ पहिला आकडा नुकसान मोजतो, दुसरा दोष. तिसरीतल्या मुलीच्या दृष्टीने बाई निवडणुकीच्या कामाला गेल्या काय किंवा दांडी मारली काय, तिचा भागाकार राहिलाच. म्हणून ‘खरी गैरहजेरी फक्त २.५ टक्के’ असं म्हणून विषय संपवता येत नाही. पण नुकसानीचा आकडा घेऊन दोष शिक्षकावर टाकणं, हेही तितकंच चूक. आपल्याकडची बहुतेक चर्चा याच ठिकाणी घसरते: २५ चा आकडा दाखवायचा आणि शिक्षा २.५ साठीची सुचवायची.

दुसऱ्या अभ्यासाचीही तपासणी करूच. कारण कोण सांगतं? बहुतेक वेळा मुख्याध्यापक. आणि लहान शाळेत मुख्याध्यापक म्हणजे शेजारच्या वर्गावर शिकवणारा सहकारीच. ‘सर मीटिंगला गेलेत’ हे उत्तर खरं असू शकतं, सांभाळून घेणारंही असू शकतं. अभ्यास करणारी संस्था स्वतः सरकारी शाळांसोबत वर्षानुवर्षं काम करणारी आहे, हेही वाचताना लक्षात ठेवायला हवं. यात हेतूवर शंका घेण्याचा प्रश्न नाही. उत्तर देणारा आणि विचारणारा यांचं नातं काय, हे कुठल्याही सर्व्हेत विचारायचंच असतं.

‘कारण’ किती लवचीक असतं?

याचं उत्तम उदाहरण शिक्षणातलं नाही, आरोग्यातलं आहे. पण जिल्हा असा आहे की शिक्षणातला सर्वांत गाजलेला हजेरीचा प्रयोगही तिथलाच. राजस्थानातला उदयपूर.

तिथे सेवा मंदिर या संस्थेच्या अनौपचारिक, एकशिक्षकी शाळांत एस्थर डुफ्लो, रेमा हॅना आणि स्टीफन रायन यांनी प्रयोग केला. शिक्षकाने दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी मुलांसोबत फोटो काढायचा, त्यावर तारीख-वेळ छापलेली असायची आणि पगार हजर दिवसांवर ठरायचा. गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ वर आली. आज सेल्फी हजेरी, चेहरा ओळखणारी ॲप्स यांच्या समर्थनात या प्रयोगाचं नाव निघतं.

पण त्या शाळा कोणत्या होत्या, बघा. एका संस्थेच्या, कायम नोकरी नसलेल्या शिक्षकांच्या. त्यांच्यामागे बीएलओचं काम, यू-डायस, पोषण आहाराचे हिशेब असा जिल्हा परिषदेच्या शिक्षकामागे असतो तसा सरकारी व्याप नव्हता. शिवाय पेपरचं म्हणणं असं की फरक पडला तो मुख्यतः पैशामुळे. नुसता कॅमेरा आणून पगाराचं गणित तसंच ठेवलं, तर तेवढाच परिणाम होईल, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

त्याच जिल्ह्यात सरकारी आरोग्य उपकेंद्रांतल्या परिचारिकांवर अभिजित बॅनर्जी, डुफ्लो आणि रॅचेल ग्लेनर्स्टर यांनी असाच हजेरीचा प्रयोग केला. तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. गैरहजेरीसाठी पगारकपात ठरली होती. सुरुवातीला हजेरी वाढली. पण आरोग्य यंत्रणेने ‘सूट दिलेले दिवस’ वाढवत नेले. साधारण १६ महिन्यांनी फरक उरला नाही. नोंदींमध्ये गैरहजेरी नव्हती, सूट होती. उपकेंद्राला कुलूप मात्र तेच.

हे उदाहरण दोन्ही बाजूंना अडचणीचं आहे, म्हणूनच मला महत्त्वाचं वाटतं. ‘तपासणी वाढवा’ म्हणणाऱ्यांना ते सांगतं की तपासणी करणारी यंत्रणाच सूट देणारी असते. ‘सगळे शासकीय कामावर असतात’ म्हणणाऱ्यांना ते सांगतं की शासकीय काम हा रकाना ताणता येतो.

तिसरा आकडा: दहापट

२०१७ मध्ये मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी जुन्याच गावांपैकी १,२९७ गावांत पुन्हा केलेल्या सर्वेक्षणावर पेपर लिहिला. गैरहजेरी २६.३ वरून २३.६ टक्क्यांवर आली होती. मधल्या काळात शाळांच्या सोयी सुधारल्या होत्या, त्या मानाने ही घट किरकोळच. त्यांनी या गैरहजेरीची किंमत वर्षाला सुमारे दीड अब्ज डॉलर काढली आणि म्हटलं की मुलांना शिक्षकाचा वेळ मिळवून द्यायचा तर नवे शिक्षक नेमण्यापेक्षा देखरेख वाढवणं दहापटीहून जास्त किफायतशीर ठरू शकतं.

‘ठरू शकतं’ या शब्दांखाली रेघ मारा. हा अंदाज तपासण्या आणि गैरहजेरी यांच्या सहसंबंधावर उभा आहे. जिथे तपासणी वारंवार होते ती शाळा रस्त्याजवळची, केंद्रशाळेजवळची असण्याची शक्यता जास्त. लेखकांनी असे फरक वजा करण्याचा प्रयत्न केला आहे, पण तपासण्या कुठे व्हायच्या हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. आणि शिक्षक ज्या दिवशी वरून आलेल्या आदेशानेच बाहेर गेला, त्या दिवशी केंद्रप्रमुख शाळेत येऊन काय करणार? शेरेपुस्तकात शेरा लिहील आणि जाईल.

इथे एक साधं गणित करा. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. दोनशिक्षकी शाळेतला एक बैठकीला गेला तर त्या दिवशी ५० टक्के गैरहजेरी. सातशिक्षकी शाळेतला एक गेला तर १४ टक्के. बैठक तीच, परिपत्रक तेच. अहवाल, पोषण आहार, माहिती भरणं ही कामं शाळेच्या आकारानुसार कमी होत नाहीत. ती प्रत्येक शाळेला जवळपास सारखीच असतात. म्हणून लहान शाळेच्या शिक्षकावर त्यांचा भार जास्त पडतो. हा प्रश्न देखरेखीने सुटत नाही, माणूस दिल्याने सुटतो. म्हणून ‘देखरेख की नेमणूक’ या प्रश्नाचं उत्तर सरासरीत शोधूच नका, शाळेच्या आकारानुसार वेगवेगळं शोधा. आपल्याकडे कमी पटाच्या शाळा आणि संचमान्यतेचे निकष यांवरून वाद पेटला आहे, २५ सप्टेंबर २०२४ ला शिक्षकांनी सामूहिक रजा आंदोलन केलं. या वादाला नेमका याच विश्लेषणाचा आधार हवा आहे.

चौथा आकडा: १९.१

आता दुसऱ्या बाजूचं लाडकं वाक्य. निएपा या राष्ट्रीय संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासात शिक्षकांच्या वार्षिक वेळेची वाटणी अशी दिली आहे: अध्यापन १९.१ टक्के, अध्यापनेतर पण मूळ कामं ४२.६, शाळेशी संबंधित इतर कामं ३१.८ आणि इतर खात्यांची कामं ६.५ टक्के.

निवेदनात १९.१ येतो, ६.५ येत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, उरलेले ८१ टक्के शिक्षक जनगणना आणि निवडणुकीतच फिरत असतात. या अभ्यासानुसार तसं नाही. इतर खात्यांचा वाटा सर्वांत छोटा आहे; मोठा भाग शिक्षण खात्याने स्वतः लावलेल्या कामांचा आहे. आणि ‘मूळ पण अध्यापनेतर’ हा प्रकार ऐकूनच आपल्या डोक्यात घंटा वाजायला हवी. वर्गाबाहेर केलेलं पण वर्गासाठी लागणारं काम कुठे धरायचं, यावर १९ चा आकडा वरखाली होतो. कायदाच शिक्षकाचा आठवडा ४५ तासांचा धरतो आणि त्यात पाठाची तयारीही मोजतो. मग तयारीचा तास हा शिकवण्याचा की इतर?

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नका म्हणतं. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने शिक्षकांच्या कामांची शैक्षणिक-अशैक्षणिक अशी वर्गवारी करणारा शासन निर्णयही काढला. पण कामाचा रकाना बदलला म्हणून काम कमी होत नाही. ऑनलाइन माहिती भरणं ‘शैक्षणिक’ म्हटलं तर कलम २७ चा भंग होत नाही, एवढंच. वर्ग तेवढा वेळ मोकळाच राहतो. उदयपूरच्या ‘सूट दिलेल्या दिवसां’ची ही सभ्य आवृत्ती म्हणता येईल.

मग आपण काय करायचं?

या विषयावर काम करणार असाल तर माझी सूचना अशी. गैरहजेरीचा तक्ता करताना तीन रकाने करा. एक, त्या तासाला वर्गासमोर शिक्षक होता का? दोन, नसेल तर कारण काय? तीन, ते कोणी ठरवलं: शिक्षकाने स्वतः, मुख्याध्यापकाने, शिक्षण खात्याने, की दुसऱ्या खात्याने? तिसरा रकाना या वादात जवळजवळ कोणीच विचारत नाही, आणि उपाय कोणता हे त्यावरच ठरतं. दोष शिक्षकाचा असेल तर देखरेख, खात्याचा असेल तर बैठका आणि अहवाल कमी करणं, इतर खात्याचा असेल तर कायद्याची अंमलबजावणी.

दुसऱ्या रकान्यातल्या उत्तरावर तोंडी विश्वास ठेवू नका. हालचाल रजिस्टर बघा, आदेशाची प्रत मागा, बैठकीच्या ठिकाणची हजेरी जुळवून पाहा. तीन कागद एकमेकांशी जुळले नाहीत तर तोही निष्कर्षच आहे, लपवू नका. आणि आकडे देताना शाळेच्या आकारानुसार वेगळे द्या, नुसती सरासरी नको.

हे काम वेळखाऊ आहे. एका तालुक्यातल्या ३० शाळा झाल्या तरी दमछाक होईल, आणि सॅम्पल लहान म्हणून गाईड कुरकुरतीलही. पण देशपातळीवरचा आणखी एक टक्का काढण्यापेक्षा हे जास्त उपयोगी ठरेल, कारण त्यातून कोणाला काय करायला सांगायचं ते कळतं.

तोपर्यंत निदान सिनॉप्सिसमधलं ते वाक्य बदला. ‘२५ टक्के शिक्षक गैरहजर असतात’ ऐवजी लिहा: ‘२००३ च्या सुमारास न सांगता दिलेल्या भेटींत देशातल्या सरकारी प्राथमिक शाळांतले २५ टक्के शिक्षक, रजा आणि शासकीय काम धरून, शाळेत आढळले नाहीत, महाराष्ट्रात हे प्रमाण १४.६ टक्के होतं.’ वाक्य लांबतं, चालेल. व्हायवाला बसलेल्या परीक्षकाने ‘गैरहजर म्हणजे काय?’ असं विचारलं, तर उत्तर त्या वाक्यातच असेल.