धूर कोणाच्या खात्यावर?

डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या एक्स्पो सिटीत कॉप-२८ हवामान परिषद भरली, तेव्हा आपल्यापैकी अनेकजण मुलांना घेऊन तिथे फिरून आले असतील. परिषदेचे अध्यक्ष होते डॉ. सुलतान अल जाबेर. अबुधाबीच्या अ‍ॅडनॉक या सरकारी तेल कंपनीचे प्रमुखही तेच. त्यावर जगभर टीका झाली. मला मात्र त्या खुर्चीपेक्षा हिशेबाची वही जास्त खटकते.

यूएईने ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर केले की २०५० पर्यंत देश ‘नेट झिरो’ होईल. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यात भर पडली: २०१९ च्या तुलनेत २०३५ पर्यंत उत्सर्जनात ४७ टक्के घट. हे सगळे थोतांड आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. बराकाच्या चार अणुभट्ट्या देशाची सुमारे पाव वीज पुरवतात. कोळशासाठी बांधलेले दुबईचे हस्यान वीजकेंद्र २०२२ मध्ये गॅसवर गेले. इथे काम होते, आणि ते डोळ्यांना दिसते.

पण याच काळात अ‍ॅडनॉकने तेल काढण्याची क्षमता रोज ५० लाख पिंपांवर नेण्याची मुदत २०३० वरून २०२७ वर, म्हणजे अलीकडे आणली. एक पिंप जाळले की ४०० किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो. ही क्षमता पूर्ण वापरली तर वर्षाला ७० कोटी टनांच्या वर. यूएईचे २०३५ चे लक्ष्य आहे सुमारे १० कोटी टनांचे. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे राहू शकतात, कारण आंतरराष्ट्रीय नियमानुसार तेल जिथे जळते, त्या देशाच्या नावावर धूर पडतो. विकणाऱ्याची वही कोरी.

आता आपल्या गावाकडे बघा. जून २०१८ मध्ये अ‍ॅडनॉक आणि सौदीची आरामको यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या वर्षाला ६ कोटी टन क्षमतेच्या रिफायनरीत एकत्र येण्याचा करार केला. तेव्हाही अ‍ॅडनॉकचे प्रमुख अल जाबेरच होते. नाणारच्या लोकांनी विरोध केला, जागा बदलून बारसूचे नाव पुढे आले आणि एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या बायाबापड्या माती परीक्षण अडवायला सड्यावर, भर उन्हात बसल्या. प्रकल्प अजून उभा राहिलेला नाही. राहिला असता, तर त्या चिमण्यांचा धूर आणि भारतात जळालेल्या इंधनाचा धूर २०७० चा वायदा करणाऱ्या भारताच्या खात्यात गेला असता. अबुधाबीच्या वचनाला त्याचा डागही लागला नसता.

म्हणून माझी शंका वचन मोडले जाईल अशी नाही. ते अक्षरशः पाळले जाईल आणि तरी हवेत फरक पडणार नाही, ही भीती आहे.

हे लिहिताना खोलीतला एसी चालू आहे आणि माझा पगारही याच तेलाच्या पैशावर उभ्या असलेल्या शहरातून येतो. तेव्हा साळसूदपणाचा आव मला आणता येणार नाही. पण इथल्या मिठाला जागायचे म्हणून प्रश्नच विचारायचा नाही, असे थोडेच आहे? पुढच्या वेळी कुठल्याही सरकारने, इथल्या किंवा तिथल्या, टक्केवारी जाहीर केली की एवढेच विचारावे: यात विकलेले तेल धरले आहे का?